थंड हवा कुठे साचते ते सांगणारा नकाशा: मागवला, जमिनीवर नेऊन तपासला

मी डोंगरउतारावरच्या जमिनींचे आराखडे करते. बाग कुठे, रोपवाटिका कुठे, रस्ता कुठून, घर कुठे आणि कुठे काहीच नको, हे कागदावर आखून मालकांच्या हातात देणं हे माझं काम. माती आणि पाणी सगळेच बघतात. थंडी बघायची मात्र राहून जाते. फळझाडं एकदा लावली की वीस-पंचवीस वर्षं तिथून हलत नाहीत, आणि ऐन फुलोऱ्यात एक रात्र वाईट गेली तरी त्या वर्षाचं पीक हातचं जातं. म्हणून या वेळी एका जमिनीसाठी दहिवराच्या, म्हणजे गोठलेल्या दंवाच्या, धोक्याचा अंदाज देणारी ऑनलाइन सेवा रीतसर पैसे भरून घेतली. जमिनीची हद्द द्यायची, पीक आणि वाण सांगायचा, मग रंगीत नकाशा आणि जाडजूड अहवाल येतो.

सेवेचं नाव लिहीत नाही. असे अहवाल देणारे आता बरेच आहेत आणि मी लावलेल्या कसोट्या कुणाच्याही अहवालाला लावता येतील. माझं मत आधीच सांगून टाकते. झाडं कुठे लावू नयेत हे ठरवायला हा अहवाल फार उपयोगी पडला. बागेची हद्द नेमकी कुठे आखायची हे ठरवायला तो एकटा पुरत नाही, आणि अहवालातच हे ठळक लिहिलेलं असायला हवं होतं.

जमीन अशी आहे. वर बऱ्यापैकी सपाट कड, तिच्याखाली लांब उतार, उताराच्या मधून खाली येणारी एक घळ आणि तळाशी ओढा. ओढ्याच्या अलीकडे सपाट, खोल मातीचा, ओल धरणारा पट्टा. जमीन बघायला येणारा प्रत्येक जण त्या पट्ट्यावर भाळतो, आणि त्यात नवल नाही: नांगरायला सोपा, पाणी शेजारी, गाडी थेट आत जाते. मालक दोघे भाऊ. थोरल्याच्या मनात बाग तिथेच व्हायची होती. नकाशा आला तेव्हा नेमका तोच पट्टा गडद जांभळा, म्हणजे सर्वाधिक धोक्याचा, आणि ज्या मधल्या उताराकडे कुणी बघत नव्हतं तो फिकट हिरवा.

नकाशातला हा भाग अगदी बरोबर आहे. का, ते थोडं सविस्तर सांगते, कारण चांगला आणि वाईट अहवाल ओळखायची किल्ली तिथेच आहे.

उंच जावं तसं गार होतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. वातावरणाचा सरासरी हिशेब धरला तर दर किलोमीटर उंचीला साधारण साडेसहा अंश कमी. दिवसा, वारा वाहत असताना हा हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो. पण आभाळ मोकळं, हवा कोरडी आणि वारा पडलेला अशी रात्र आली की चित्र उलटं होतं. जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहते. ढग नसल्यामुळे त्यातलं फारसं परत येत नाही. जमीन गारठते, तिला टेकलेली हवा गारठते, गारठलेली हवा जड होते आणि उताराने खाली सरकू लागते. हा प्रवाह काही मीटर जाडीचा आणि मंद असतो, माणसाच्या सावकाश चालीइतका किंवा त्याहून कमी. वाटेत घळ मिळाली की घळीत शिरतो, खोलगट जागा मिळाली की तिथे साठतो, अडथळा आला की त्याच्या वरच्या बाजूला तुंबतो. तळाशी साठलेल्या या थंड हवेच्या वर, उताराच्या मधल्या भागात, तुलनेने उबदार हवेचा पट्टा राहतो. उतारावरच्या बागा तळ सोडून या मधल्या पट्ट्यात ठेवण्यामागे हेच कारण आहे. कडेवर पुन्हा गार असू शकतं, पण तिथली थंडी वेगळी: उंचीची आणि वाऱ्याची.

खोलगट जागेची ताकद किती असते याची दोन टोकाची उदाहरणं नोंदलेली आहेत. ऑस्ट्रियात लुन्झजवळ ग्र्यूनलोख नावाचा खळगा आहे, समुद्रसपाटीपासून जेमतेम १,२७० मीटरवर. तिथे १९३२ च्या हिवाळ्यात उणे ५२.६ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. त्याहून कितीतरी उंच शिखरं आल्प्समध्ये आहेत, पण ती इतकी गारठत नाहीत, कारण शिखरावर थंड हवा थांबतच नाही. दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या पीटर सिंक्सचं. तोही चुनखडीतला, हवेला बाहेर पडायला वाट नसलेला खळगा. १ फेब्रुवारी १९८५ ला तिथे उणे ५६.३ अंश मोजलं गेलं. आपल्या जमिनीत असलं काही होणार नाही, पण नियम तोच: उंचीपेक्षा आकार महत्त्वाचा. आजूबाजूच्या तुलनेत ती जागा वर आहे की खाली, तिच्याकडे किती उताराची हवा वाहून येते आणि आलेल्या हवेला जायला वाट आहे का.

म्हणून पहिली कसोटी अगदी सोपी ठेवा. नकाशाचे रंग समोच्च रेषांसारखेच उंचीनुसार पायरीपायरीने बदलत गेले असतील, आणि कड सर्वांत धोक्याची व तळ सर्वांत सुरक्षित दाखवला असेल, तर त्या अहवालात रात्र मोजलेलीच नाही. उंचीचा साधा गुणाकार करून रंग भरलेले असे नकाशे मी पाहिले आहेत. ते न वापरलेले बरे. त्यांच्या भरवशावर नेमकी चुकीची जागा निवडली जाते.

ही सेवा त्या कसोटीला उतरली. परिशिष्टात त्यांनी काय काय मोजलं ते दिलं आहे: प्रत्येक चौकोनाची आसपासच्या जमिनीच्या तुलनेत उंची, उतार, खळग्याची खोली, वरून किती क्षेत्राची थंड हवा उतरते, आणि तिथून किती आकाश दिसतं. शेवटची गोष्ट फारसं कुणी मोजत नाही. अरुंद घळीत दोन्ही बाजूंच्या भिंती आकाश झाकतात, त्यामुळे जमिनीची उष्णता उघड्या मैदानापेक्षा कमी वेगाने जाते. ती यादी वाचून मला खरोखर आनंद झाला. करणाऱ्यांना विषय कळतो हे त्यातून दिसतं.

हवामानाची आधारसामग्री मात्र सगळ्यांची असते तशीच. ईआरए५-लँड ही १९५० पासूनचे तासातासाचे, गणिताने काढलेले आकडे देणारी जागतिक मालिका, तिचा एक चौकोन साधारण नऊ किलोमीटरचा. आमची अख्खी जमीन, समोरची टेकडी आणि पलीकडचं खोरं मिळून त्यात एकच आकडा. तो आकडा जमिनीच्या आकारानुसार बारीक चौकोनांत वाटून द्यायचा, हीच तर या सेवेची खरी करामत. त्यात वावगं काही नाही, पण वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं: नकाशा तीस मीटरचा दिसतो म्हणून हवामान तीस मीटरवर मोजलेलं नसतं.

एक पान मला अजिबात आवडलं नाही. लँडसॅट उपग्रहाची जमिनीच्या तापमानाची झगमगीत प्रतिमा त्यांनी पानभर छापली आहे. लँडसॅट ८ आणि ९ सकाळी दहाच्या सुमारास डोक्यावरून जातात. तेव्हा कुठला उतार उन्हात आहे ते कळतं. पहाटे चारला थंड हवा कुठे साचली होती हे त्यातून कळणार नाही. रात्रीच्या प्रतिमा मोडिस हे दुसरं उपग्रहावरचं उपकरण देतं, पण त्याचा चौकोन एक किलोमीटरचा. शिवाय उपग्रहाला दिसतं ते पृष्ठभागाचं तापमान, फुलाच्या उंचीवरच्या हवेचं नव्हे. ते पान काढलं तर अहवालाचं काहीच बिघडणार नाही, उलट वाचणाऱ्याचा गैरसमज टळेल.

आता मुख्य तक्रार. उंचीचा नकाशा त्यांनी कुठला वापरला हे विचारलं तेव्हा उत्तर आलं की साधारण तीस मीटरचा जागतिक नकाशा. अशा नकाशांपैकी सर्वांत परिचित तो फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानातून केलेल्या रडार मोहिमेचा. डोंगराच्या मोठ्या आकारासाठी तो छान आहे. पण रडारच्या लहरी दाट झाडीत जमिनीपर्यंत नीट पोचत नाहीत, त्यामुळे जंगलाचा पट्टा उंचवट्यासारखा दिसतो. आणि तीस मीटरच्या चौकोनात चार-पाच मीटर उंचीचा अरुंद भराव विरघळून जातो.

आमच्या घळीत नेमका असा भराव आहे. रस्त्यासाठी घळीवर आडवा मातीचा बांध घातलेला, खाली पाणी जायला एकच पाइप. पाणी त्या पाइपातून जातं. थंड हवा त्यातून कितीशी जाणार? ती बांधाच्या वरच्या अंगाला तुंबते. नकाशात ही जागा पिवळी होती, म्हणजे मध्यम धोका, आणि धाकट्या भावाने तिथे रोपवाटिका धरली होती. आम्ही तिथे सेन्सर लावला. निवांत, निरभ्र रात्रींनंतर सकाळी गेलं की बांधाच्या वरचं गवत पांढरं असायचं आणि बांध ओलांडून चार पावलं खाली गेलं की नुसतं ओलं. पांढऱ्या गवताची वरची कड इतकी सरळ असायची की दोरी धरून आखावी. ती कड बांधाच्या माथ्याच्या पातळीशी जुळत होती. तुंबलेली हवा माथ्यापर्यंत भरते, तिथून पुढे बांधावरून सांडते. नोंदीही तेच सांगत होत्या: एका रात्री बांधाच्या वरच्या अंगाला उणे ३ अंश, त्याच वेळी शेजारच्या मोकळ्या उतारावर अधिक २.

हे सेवेला कळवलं. उत्तर चांगलं आणि लवकर आलं. ड्रोन किंवा विमानातून लायडरने केलेलं बारीक सर्वेक्षण असेल तर द्या, त्यावरून पुन्हा गणित करू, म्हणाले. लायडरच्या लेझरचे काही किरण पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचतात, त्यामुळे झाडी वेगळी आणि जमीन वेगळी काढता येते. बांध, खाचा, जुनी ताली, सगळं दिसतं. सर्वेक्षण करून दिल्यावर सुधारित नकाशा आला आणि त्यात बांधाच्या वरची जागा जांभळी झाली. मला खटकलं ते एवढंच, की मागणीच्या अर्जात हा प्रश्न सुरुवातीलाच असायला हवा. जमिनीवर भराव, बांध, भिंत, दाट झाडांची रांग आहे का, हे मालकाला विचारायला दोन ओळी लागतात.

सेन्सरबद्दल दोन गोष्टी सांगते, कारण अहवाल तपासायचा तर हे स्वतःच करावं लागतं. उघडा टांगलेला सेन्सर रात्री स्वतःच आकाशाकडे उष्णता टाकतो आणि हवेपेक्षा कमी तापमान दाखवतो, दिवसा उन्हात जास्त दाखवतो. म्हणून पांढऱ्या चकत्यांचं आवरण हवंच. सगळे सेन्सर एकाच उंचीवर लावायचे. हवामान केंद्रावर ही उंची सव्वा ते दोन मीटरच्या दरम्यान असते. लावण्याआधी सगळे एकत्र ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतात का ते बघायचं. आमच्यातला एक अर्धा अंश वर दाखवत होता. आणि गवताच्या पातळीवरही एक ठेवायचा. शांत रात्री गवताजवळचं तापमान छातीच्या उंचीपेक्षा काही अंशांनी खाली असतं. वर अधिक २ असताना खाली गवत पांढरं पडतं ते यामुळेच. अहवालातला आकडा कुठल्या उंचीवरचा आहे हे विचारल्याशिवाय त्याची तुलना कशाशीच करू नका. या अहवालात उंची दोन मीटर अशी स्पष्ट लिहिली आहे. हा त्यांचा मोठा गुण. पण मग भाजीची रोपं किंवा नुकती लावलेली कलमं जमिनीलगत असतात, त्यांच्यासाठी धोका नकाशात दिसतो त्याहून जास्त, हेही जोडीला लिहायला हवं होतं.

नोंदी लावून बघताना आणखी एक गोष्ट दिसली. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री सगळे सेन्सर जवळजवळ एकच रेघ काढतात, आलेख एकमेकांवर चढलेले. वारा पडला, आभाळ उघडलं की त्या रेघा हाताच्या बोटांसारख्या फाकतात. सूर्य वर आला की तासा-दोन तासांत पुन्हा एकत्र. म्हणजे नकाशाची परीक्षा होते ती फक्त त्या मोजक्या रात्रींत. म्हणूनच, तुमच्या अंदाजात सरासरी चूक किती, या प्रश्नाला वर्षभराच्या सगळ्या रात्रींचा एकच आकडा मिळाला तर तो कामाचा नाही. ज्या रात्री काही होतच नाही त्या सगळ्या चूक पातळ करून टाकतात. निरभ्र, वारा पडलेल्या रात्रींपुरती चूक वेगळी मागा.

त्याच्या पुढचा प्रश्न मी त्यांना विचारला: मॉडेल तपासताना वगळलं काय? काही रात्री वगळल्या, की काही जागा? एखाद्या केंद्राच्या निम्म्या रात्रींवर मॉडेल शिकवलं आणि त्याच केंद्राच्या उरलेल्या रात्रींवर तपासलं, तर निकाल सुंदरच येणार. मॉडेलला ती जागा आधीच पाठ झालेली असते. आपल्याला हवं असतं ते, न पाहिलेल्या जागेवर काय होईल. त्यासाठी अख्खं केंद्रच वगळून तपासावं लागतं. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की अहवालात छापलेला आकडा पहिल्या पद्धतीचा आहे, आणि दुसऱ्या पद्धतीचा मागितल्यावर पाठवला. तो अर्थातच अधिक वाईट होता, पण माझा विश्वास त्यामुळे वाढला. हा दुसरा आकडाच अहवालात असला पाहिजे, मागितल्यावर मिळणारा म्हणून नव्हे.

आता संभाव्यतेकडे येते. मालकांशी सर्वांत जास्त बोलणं याच पानावर झालं. मोसमातलं शेवटचं दहिवर कुठल्या तारखेनंतर पडण्याची शक्यता ५० टक्के, कुठल्या तारखेनंतर २० आणि कुठल्या तारखेनंतर १०, असं प्रत्येक पट्ट्यासाठी दिलं आहे. मांडणी चांगली. नुसती सरासरी तारीख दिली असती तर काही उपयोग नव्हता, कारण सरासरीच्या आसपासची तारीख म्हणजे जवळजवळ दर दुसऱ्या वर्षी फटका. पण १० टक्के हा आकडा वाचून धाकट्या भावाचा चेहरा खुलला. दहात एकदा, म्हणजे चालेल की, असं त्याला वाटलं. मग आम्ही कागदावर गणित मांडलं. दरवर्षी १० टक्के धोका असेल तर दहा वर्षांत एकदा तरी फटका बसण्याची शक्यता ६५ टक्के, वीस वर्षांत ८८ टक्के. दरवर्षी ५ टक्के धरला तरी वीस वर्षांत ६४ टक्के. एका हंगामाच्या पिकासाठी १० टक्के सोसता येतात. वीस वर्षांच्या झाडासाठी प्रश्न वेगळा असतो: फटका बसेल का हा नव्हे, तर किती वेळा बसेल आणि तेवढं सोसून बाग टिकेल का. हे गणित अहवालात का नाही, हे मला कळलं नाही. फळबागेसाठी मागणी नोंदवली आहे हे त्यांना माहीत असतं. दोन रकाने वाढवले तरी मालकाचा निर्णय बदलू शकतो.

पिकाच्या बाजूनेही एक उणीव होती. सफरचंदाच्या पूर्ण फुलोऱ्यात अर्धा तास उणे २.२ अंश राहिलं तर साधारण १० टक्के फुलं मरतात, उणे ३.९ ला ९० टक्के, हे ठरलेले आकडे त्यांनी घेतले आहेत. बरोबर आहेत. पण तोच डोळा नुकता हिरवं टोक दाखवत असताना उणे ७.८ अंशांनाही जेमतेम १० टक्केच नुकसान सोसतो. म्हणजे किती थंडी पडली याच्या जोडीला झाड तेव्हा कुठल्या अवस्थेत होतं हे धरल्याशिवाय धोका ठरत नाही. अहवालाने फुलोऱ्याची एकच तारीख सगळ्या जमिनीला आणि सगळ्या वर्षांना लावली होती. ज्या उतारावर ऊन जास्त, तिथे झाड लवकर जागं होतं आणि लवकर फुलतं. त्यामुळे ऊबदार दिसणारा उतारही फुलोऱ्याच्या दिवसांत धोक्यात येऊ शकतो. तीच गोष्ट वर्षांची. फ्रान्समध्ये २०२१ च्या मार्चअखेरीस कडक ऊब पडली, द्राक्षवेली आणि फळझाडं फुटली आणि एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात दहिवराने त्यांना गाठलं. नुकसान फार मोठं झालं. थंडीच्या रात्री कमी होत असल्या तरी फूट लवकर येऊ लागली तर धोका आपोआप कमी होत नाही. हे मांडल्यावर सेवेने ऊब-बेरजेवरून, म्हणजे झाडाला रोज मिळालेल्या उबेच्या बेरजेवरून, दर वर्षाची, दर उताराची फुलोऱ्याची तारीख काढून नवा तक्ता दिला. त्यात आमचा सर्वांत उन्हाचा कोपरा हिरव्यातून पिवळ्यात गेला. लवकर फुलणारा वाण आम्ही तिथून हलवला.

संरक्षणाच्या उपायांचं प्रकरण मात्र मला मनापासून आवडलं, कारण त्यात कुठला उपाय कुठे चालणार नाही हे लिहिलं आहे. मोठा पंखा वरची उबदार हवा खाली ओढतो. पण ती वर असेल तरच. वाऱ्याबरोबर थंड हवेची लाट आली असेल तर वर-खाली सगळीकडे सारखीच थंड, पंखा फिरवून काही मिळत नाही. तुषार सिंचनाचंही तसंच. एक किलो पाणी गोठताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता सोडतं, पण एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २,५०० किलोज्यूल खेचून घेते. म्हणजे एक भाग पाणी उडून गेलं तर त्याची भरपाई करायला साडेसात भाग गोठावं लागतं. कोरड्या हवेत उशिरा आणि कमी पाणी सुरू केलं तर फुलं आणखी गारठतात, आणि मध्येच पाणी थांबलं तर हाल विचारू नका. ओल्या फडक्याच्या थर्मामीटरचं तापमान बघून पाणी कधी सुरू करायचं याचा तक्ता त्यांनी दिला आहे. तो मी स्वतंत्र छापून मालकांना दिला.

बाकीचं थोडक्यात. नकाशा केएमएल (मोबाइलवरच्या नकाशात उघडणारी फाइल) आणि जीआयएस (संगणकावर नकाशे हाताळण्याची प्रणाली) अशा दोन्ही रूपांत मिळतो, मोबाइलवर उघडून जमिनीवर चालताना आपण कुठल्या रंगात उभे आहोत ते दिसतं. पीडीएफमधली रंगांची पट्टी मात्र छापल्यावर जांभळा आणि गडद निळा यांतला फरक दाखवत नाही. ग्राहकसेवा नम्र, तांत्रिक प्रश्नाला तांत्रिक माणूसच उत्तर देतो.

आराखडा शेवटी असा झाला. बाग मधल्या उतारावर, तळापासून बरीच वर. तळाचा पट्टा हंगामी पिकांना, पेरणी २० टक्क्यांच्या तारखेनंतर. रोपवाटिका बांधाच्या वरून काढून उताराच्या कुशीत. बागेच्या खालच्या अंगाला थोरल्या भावाला दाट कुंपण हवं होतं. ते आडवं न घेता तिरपं घेतलं आणि घळीच्या तोंडाशी मोकळं सोडलं, नाहीतर आम्हीच आणखी एक बांध घातला असता. बागेच्या वरच्या अंगाला मात्र झाडांची दाट रांग धरली आहे, वरून येणारी थंड हवा बाजूच्या घळीत वळवण्यासाठी. बांधाखाली दुसरी रुंद मोरी टाकता येईल का, याचा अंदाज काढायला दिला आहे. सेन्सर तिथेच ठेवलेत, बांधाच्या वर आणि खाली.

उताराची, घळींची, खळग्यांची जमीन असेल आणि झाडं लावायची असतील तर ही सेवा घ्यावी असं मी सांगेन. सपाट माळ असेल तर फारसा फायदा नाही, जवळच्या केंद्राच्या नोंदी पुरतील. मागणी नोंदवतानाच चार गोष्टी लेखी मागा: उंचीचा नकाशा कुठला आणि त्यात भराव दिसतात का, आकडे किती उंचीवरचे, अख्खं केंद्र वगळून तपासल्यावर निरभ्र रात्रींची चूक किती, आणि फुलोऱ्याची तारीख दर वर्षाची वेगळी धरली आहे का. पुढच्या जमिनीसाठी मी यांच्याकडेच जाणार आहे, फक्त लायडरचं सर्वेक्षण आधी करून आणि सेन्सरच्या एका हंगामाच्या नोंदी सोबत देऊन. त्या नोंदी घेऊन नकाशा जुळवून देण्याची सोय त्यांच्याकडे आहे, अर्जात ती अगदी शेवटच्या पानावर आहे.